फिरंगी अंगावर तुर्की झगा: चित्रकार लिओतारचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं सहसा झाकतात. इथे मुख्य माणसाचं नाव झाकण्यात अर्थ नाही, कारण ते त्यानं स्वतःच चित्रावर लिहून ठेवलंय. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात त्याचं 1744 सालचं आत्मचित्र आहे. डोक्यावर उंच केसाळ टोपी, छातीपर्यंत उतरलेली दाढी, अंगात पूर्वेकडचा झगा. चित्रावरच्या फ्रेंच ओळीचा अर्थ असा: जिनिव्हाचा जे. ए. लिओतार, टोपणनाव तुर्की चित्रकार, स्वतः काढलेलं, व्हिएन्ना, 1744.

एकाच ओळीत जिनिव्हाही आहे आणि तुर्कीही. हा माणूस तुर्क नव्हता, मुसलमान नव्हता, आणि चित्र काढलं तेव्हा तो तुर्कस्तानातही नव्हता. चित्रातल्या कपड्यांपैकी टोपी आणि दाढी तर धड तुर्कीही नाहीत. तरी पुढे बारा-तेरा वर्षं तो याच अवतारात युरोपभर हिंडला, त्यावर पैसा कमावला, आणि त्याच अवतारामुळे शिव्याही खाल्ल्या. हे त्यानं का केलं, दुसरं काय करता आलं असतं, आणि हिशेब कुठे चुकला, एवढंच इथे बघायचंय.

पार्श्वभूमी

झाँ-एत्येन लिओतार 1702 च्या डिसेंबरात जिनिव्हात जन्मला. घरचे मूळचे दक्षिण फ्रान्समधल्या माँतेलिमारचे, प्रोटेस्टंट. फ्रान्समध्ये राहणं अवघड झालं तेव्हा अशा हजारो कुटुंबांनी जिनिव्हा गाठलं, त्यांतलंच हे एक. बाप जवाहिराच्या धंद्यात. जुळा भाऊ झाँ-मिशेल पुढे छापचित्रं कोरणारा झाला. शहर कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या शिस्तीतलं. तिथे लेस किती लावावी, जर किती वापरावी यावरही नियम आणि ते बघणारं मंडळ. कपड्यांना किती अर्थ असतो हे ज्या मुलाला लहानपणीच कळावं, असं ते गाव होतं.

सुरुवातीला तो लघुचित्रं आणि मीनाकाम शिकला. दोन्ही कामं बारीक, डोळा फोडणारी. मग पॅरिसला मासे नावाच्या लघुचित्रकाराकडे उमेदवारी केली. पॅरिसात वर चढायची शिडी एकच, राजाची चित्रकला अकादमी. तिथे मान होता तो इतिहासचित्राला, म्हणजे देव, वीर आणि लढाया यांना. लिओतारनं प्रयत्न केला, जमला नाही. त्याचा हात समोर बसलेल्या माणसावर चालायचा, मनानं रचलेल्या देवांवर चालत नसे. 1735 मध्ये तो एका फ्रेंच राजदूताबरोबर नेपल्सला गेला, तिथून रोमला. रोममध्ये पोप बारावे क्लेमेंट यांचं चित्र त्याला मिळालं, तेव्हा अगदीच उपाशी होता असं नाही. पण पस्तिशी आली तरी नावाला वजन नव्हतं.

इटलीत त्याची गाठ दोन तरुण इंग्रज सरदारांशी पडली. एक विल्यम पॉन्सनबी, पुढचा बेसबरोचा अर्ल. दुसरा जॉन मॉन्टॅग्यू, सँडविचचा चौथा अर्ल. हो, तोच. आपल्याकडे टपरीवर हिरवी चटणी लावून मिळतं ते ज्याच्या नावावर आहे, तो. दोघांना पूर्व भूमध्य बघायचा होता, आणि बघितलेलं कागदावर उतरवणारा माणूस बरोबर हवा होता. कॅमेरा नव्हता त्या काळची ही साधी गरज.

पहिला निर्णय: जायचं की नाही

1738 साली लिओतार त्यांच्याबरोबर निघाला. माल्टा, ग्रीक बेटं, स्मिर्ना (आजचं इझमिर) करत कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचला. सरदार यथावकाश मायदेशी गेले, हा चार वर्षं तिथेच राहिला.

हा निर्णय मला भाबडा वाटत नाही. त्या शहरात राहून युरोपीय गिऱ्हाइकांसाठी चित्रं काढणारा मोठा माणूस होता झाँ-बातिस्त व्हॅनमूर. तो 1699 मध्ये फ्रेंच राजदूताबरोबर आला आणि आयुष्यभर तिथलाच झाला. त्याच्या चित्रांवरून केलेला शंभर छापचित्रांचा संच 1714 मध्ये पॅरिसला निघाला, आणि पुढे कित्येक दशकं युरोपातल्या चित्रकारांनी तुर्की पोशाख त्यातूनच उचलले. हा व्हॅनमूर 1737 च्या जानेवारीत वारला. लिओतार पोहोचला तो पुढच्याच वर्षी. राजदूत होते, व्यापारी होते, सगळ्यांना आपली चित्रं हवी होती, आणि काढणारा गेला होता. गादी रिकामी होती.

युरोपातही वारं त्याच दिशेचं होतं. 1721 मध्ये सुलतानाचा दूत पॅरिसला आला तेव्हा त्याला बघायला रस्त्यावर झुंबड उडाली होती. 1742 मध्ये त्याचाच मुलगा सैद एफेंदी दूत म्हणून आला आणि आवेद या चित्रकारानं त्याचं पूर्णाकृती चित्र काढलं. दीडशे वर्षं ज्या तुर्कांची धास्ती घेतली होती, ते 1683 मध्ये व्हिएन्नाच्या तटावरून मागे फिरल्यावर हळूहळू भीतीची जागा कुतूहलानं घेतली. ज्याची भीती गेली त्याचे कपडे घालून बघावेसे वाटतात.

दुसरा निर्णय: झगा चढवणं

कॉन्स्टँटिनोपलमध्ये युरोपीय लोक गोल्डन हॉर्न या खाडीच्या पलीकडे पेरा या वस्तीत राहत. त्यांना तिथे 'फ्रेंक' म्हणत, मग तो फ्रेंच असो, इंग्रज असो की जिनिव्हाचा. आपला 'फिरंगी' शब्द याच मुळातला, अरबी-फारसीतून फिरत आलेला. शिवकाळात पोर्तुगिजांना जे म्हणत, तेच बॉस्फरसच्या काठी लिओतारला म्हणत असणार.

बरेच फिरंगी, विशेषतः प्रवासात, स्थानिक पोशाख घालत. त्यात हौसेपेक्षा सोय जास्त. घट्ट पाटलोण आणि पावडर लावलेला विग घालून बाजारात उभं राहिलं की चित्र काढणं बाजूला, आपणच तमाशा होतो. झगा सैल, ऊबदार, मांडी घालून बसायला सोपा. मात्र त्यालाही कायदा होता. कोणी कुठला रंग वापरायचा, पिवळी पादत्राणं कोणी घालायची, मुसलमानांनी काय आणि इतरांनी काय, याचे हुकूम निघत असत. म्हणजे युरोपात जो वेश मौजेचा, तो मूळ गावी दर्जा सांगणारा होता. ही गोष्ट युरोपातल्या बहुतेक हौशी चित्रकारांच्या ध्यानातही नव्हती. लिओतार तिथे राहिल्यामुळे त्याला ती ठाऊक असणारच.

या चार वर्षांत त्यानं काळ्या आणि लाल खडूनं केलेली रेखाटनं हे त्याचं सगळ्यात निखळ काम आहे असं माझं मत. बसलेली बाई, उभा अधिकारी, मागे काही नाही, नुसता कोरा कागद. कापडाची घडी कुठे मोडते, फरची कड कुठून सुरू होते, कमरपट्ट्याचा आकडा कसा बसतो, हे सगळं एखाद्या शिंप्यानं मापं घ्यावीत तसं.

पण नीट बघितलं की एक गंमत दिसते. लूव्रमध्ये 1740 च्या सुमाराचं एक छोटं चित्र आहे. कोचावर एक पुरुष लांब नळीची चिलीम ओढत बसलाय, शेजारी बाई हातात तंबूर घेऊन. दोघं नखशिखान्त तुर्की. पुरुष आहे लेव्हेट नावाचा इंग्रज व्यापारी. बाई एलेन ग्लावानी, क्रिमियात पूर्वी फ्रेंच वाणिज्यदूत असलेल्या माणसाची मुलगी. अख्ख्या चित्रात एकही तुर्क नाही.

याला कारण होतं. परक्या पुरुषाला मुसलमान घराच्या आतल्या भागात प्रवेश नव्हता. त्यामुळे 'तुर्की बाई' म्हणून जी समोर बसायची ती फिरंगी, ग्रीक, आर्मेनियन असायची. आतलं बघितलं होतं ते बायकांनी. इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली मॉन्टॅग्यू हिनं 1717 च्या एप्रिलमध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात स्वतःचा तुर्की वेश एकेक कपडा सांगत वर्णन केलाय: गुलाबी रंगाची शलवार, त्यावर पातळ रेशमी सदरा, मग अंगाला बसणारी 'अंतरी' नावाची बंडी, वर कफ्तान, कमरेला चार बोटं रुंद पट्टा. शलवार आणि कफ्तान हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. आपल्याकडे ते फारसीतून आले आणि इंग्रज बाईला तुर्कीतून मिळाले. तिची ही पत्रं छापून आली ती मात्र 1763 मध्ये, ती गेल्यानंतर.

मोल्दावियाचा मुक्काम

1742 मध्ये मोल्दावियाचा, म्हणजे आजच्या रुमानिया-मोल्दोव्हाकडच्या मुलखाचा राजा कॉन्स्टंटिन माव्रोकोर्दात याचं बोलावणं आलं. हा राजा धर्मानं ख्रिस्ती, वंशानं ग्रीक, सुलतानानं नेमलेला. लिओतार त्याच्या राजधानीत, याश शहरात, दहाएक महिने राहिला आणि तिथल्या दरबारी रिवाजाप्रमाणे दाढी वाढवली. उंच केसाळ टोपीही तिकडचीच. म्हणजे युरोपानं ज्याला तुर्की अवतार म्हटलं त्यातला डोक्याचा आणि हनुवटीचा भाग एका ख्रिस्ती दरबारातून आलेला. विचारणारं कोणी नव्हतं.

पेच

1743 मध्ये तो व्हिएन्नाला आला. वय चाळीस उलटलेलं. कुठल्याही अकादमीचा शिक्का नाही. दरबारात मार्टिन व्हान मायटेन्ससारखा मुरलेला चित्रकार आधीच बसलेला. हातात कसब होतं, पण जिनिव्हाचे बारीक काम करणारे कसबी लोक युरोपात ढिगानं होते. शंभरात एक म्हणून दारात उभं राहायचं, तर आत बोलावणार कोण?

आणि शहर व्हिएन्ना. 1683 चा वेढा आजीनं पाहिलेला. 1737 ते 39 च्या युद्धात ऑस्ट्रियानं बेलग्रेड तुर्कांना परत दिलं, त्याला चार वर्षंही धड झाली नव्हती. तिथे झगा, दाढी आणि टोपी घालून शिरणं म्हणजे जखमेवर बोट ठेवण्यासारखं. असं वाटतं खरं. प्रत्यक्षात त्याच दशकात खुद्द ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिचं तुर्की वेशातलं, हातात मुखवटा धरलेलं चित्र काढलं गेलं. दरबाराला तुर्क नको होता, तुर्की पोशाख हवा होता. हा फरक लिओतारनं ओळखला.

पर्याय

त्यानं हे कागदावर मांडून निवडलं असं कोणी म्हणणार नाही. पण त्याच्यासमोर उघडे रस्ते कुठले होते ते सांगता येतं.

दाढी काढावी, विग चढवावा आणि रीतसर चित्रकार व्हावं, हा सरळ रस्ता. यात धोका नाही, फायदाही नाही. पॅरिसात हेच करून तो दहा वर्षं जागच्या जागी राहिला होता.

दुसरा रस्ता व्हॅनमूरचा. चार वर्षांची रेखाटनं जवळ होतीच. भाऊ कोरणारा. शंभर नाही तर तीस-चाळीस पानांचा संच काढावा, वर्गणीदार गोळा करावेत. पूर्व बघितलेला जाणकार म्हणून नाव होईल, अंगावर मात्र साधा कोट राहील.

तिसरा, पोशाख फक्त चित्रांसाठी ठेवावा. ट्रंकेत झगे, पट्टे, टोप्या. बाई आली की तिला घालून बसवायचं. पुढे बहुतेक सगळ्यांनी हेच केलं. फ्रेंच राजाचा चित्रकार कार्ल व्हान लूनं मादाम द पाँपादूरला, म्हणजे राजाच्या प्रेयसीला, कॉफी पिणारी सुलताना म्हणून रंगवलं, आणि व्हान लूनं तुर्कस्तान कधी पाहिलंही नव्हतं.

चौथा, अवतारच धंद्याची पाटी करावी. घरी, रस्त्यात, दरबारात, सगळीकडे.

त्यानं चौथा घेतला. तिसरा त्यातच आला. दुसरा सोडला, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे. पण त्यावर नंतर.

काय केलं, कसं चाललं

व्हिएन्नात गाडी लगेच रुळावर आली. मारिया थेरेसाच्या नवऱ्याच्या, म्हणजे टस्कनीच्या ग्रँड ड्यूकच्या संग्रहासाठी ते आत्मचित्र झालं. टोपणनाव चित्रावर लिहिणं हे साधं काम नव्हे. लोक पाठीमागे जे म्हणत, ते त्यानं स्वतःहून पुढे ठेवलं. हिणवण्याची सोयच संपली.

योगायोगाचा भाग बघा. त्याच वर्षी लंडनमध्ये सँडविचनं, म्हणजे त्याच्या जुन्या सहप्रवाशानं, 'दिवाण क्लब' काढला. तुर्कस्तान बघून आलेल्यांनीच यावं, जेवावं, पगड्या घालून चित्रं काढून घ्यावीत. तो दोन वर्षांत गुंडाळला गेला. सरदारांसाठी तो वेश संध्याकाळपुरता होता, लिओतारसाठी पोटाचा होता.

व्हिएन्नातच त्यानं ती प्रसिद्ध 'चॉकलेटवाली' काढली. ट्रेमध्ये चॉकलेटचा पेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन चाललेली मोलकरीण. चर्मपत्रावर पेस्टल खडू. 1745 मध्ये अल्गारोत्ती या इटालियन काउंटनं व्हेनिसला ती सॅक्सनीच्या दरबारासाठी विकत घेतली, आज ती ड्रेस्डेनला आहे. त्यात तुर्की काही नाही. पण ग्लासमधल्या पाण्यात पडलेलं खिडकीचं प्रतिबिंब बघितलं की कळतं, या माणसाला दाढीची गरज नव्हती. गिऱ्हाइकाला होती.

इथे पेस्टलबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय हा भटका धंदा चालला नसता. तेलरंग वाळायला दिवस लागतात, आणि वाळेपर्यंत चित्र हलवता येत नाही. खडूचं काम संपलं की संपलं, काच लावा आणि पाठवा. गुळगुळीत चर्मपत्रावर खडूची भुकटी बोटानं घासून बसवली की कातडी कातडीसारखी दिसते. लिओतार एकही फटकारा दिसू देत नसे. निसर्गात फटकारे नसतात, मग चित्रात कशाला, हे त्यानं म्हातारपणी, 1781 मध्ये, छापलेल्या आपल्या पुस्तकातही ठासून मांडलं.

तुर्की विषयावरचं त्याचं एक चित्र मी जवळून सांगतो. एक बाई आणि तिची लहान मोलकरीण हमामात, म्हणजे तुर्की स्नानगृहात उभ्या आहेत. फ्रेंचमध्ये तिला 'फ्रँक बाई' म्हटलंय, म्हणजे आपल्या शब्दात फिरंगी बाई. जिनिव्हात ते पेस्टलमध्ये आहे, अमेरिकेत कॅन्सस सिटीला त्याची दुसरी आवृत्ती. दोघींच्या पायात उंच लाकडी खडावा, तुर्कीत 'नालिन'. हमामच्या फरशीवर सतत पाणी, पाय आणि शलवारीची कड कोरडी राहावी म्हणून ही उंची. बाईच्या हातात लांब चिलीम. बोटांची टोकं मेंदीनं रंगलेली, अख्खा हात नाही, फक्त टोकं. एवढा तपशील पॅरिसात बसून सुचत नाही. व्हान लूची सुलताना नाटकातली राणी वाटते. ही बाई घसरू नये म्हणून जपून उभी असल्यासारखी वाटते. पायात उंच खडावा घातलेलं माणूस तसंच उभं राहतं.

पॅरिस आणि लंडन: निर्णय उलटायला लागला तो इथे

1746 च्या सुमाराला तो पॅरिसला परतला. दरबारातली कामं मिळाली, पैसा मिळाला. अकादमीनं मात्र दार उघडलं नाही. धर्म आडवा आला असं म्हणावं, तर 1753 मध्ये रोस्लिन हा स्वीडिश ल्यूथरपंथी आत घेतला गेला. मग लिओतारनं सेंट ल्यूकच्या नावाच्या चित्रकारांच्या जुन्या मंडळात नाव घातलं आणि 1751 ते 53 तिथेच चित्रं मांडली. पेस्टलचा राजा तेव्हा ला तूर होता. त्याच्या खडूचे फटकारे उघडे, झटपट, जाणकारांना त्यात हात दिसायचा. लिओतारच्या कामात हात दिसतच नाही. मग बोलायला उरली दाढी.

1753 मध्ये लंडन. वेल्सची प्रिन्सेस ऑगस्टा आणि तिच्या मुलांची चित्रं झाली, गिऱ्हाइकांची रांग लागली. आणि तिथल्या धंदेवाल्यांचा तोल गेला. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्स तेव्हा तिशीतला, नुकतं बस्तान बसवत असलेला. त्याला हा प्रकार शुद्ध ढोंग वाटला. लिओतारच्या चित्रांत नीटनेटकेपणा सोडून काही नाही, रिकामपणी चित्रं काढणाऱ्या बायका काढतात तशी ती, अशा अर्थाचं त्याचं मत नोंदलेलं आहे. लेखक होरेस वॉलपोलनं वेगळ्या बाजूनं मारलं: याला कल्पनाशक्ती नाही, समोर दिसेल तेवढंच काढतो, तीळ, देवीचे वण, काही सोडत नाही.

या दोन आरोपांचं एकमेकांशी पटत नाही, हे दोघांच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. एकाला वाटतं हा खोटारडा आहे. दुसऱ्याची तक्रार अशी की हा फार खरं काढतो. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं होतं. कपडे खोटे आणि चित्र खरं. गिऱ्हाईक दारात येत होतं झग्यासाठी आणि परत जाताना देवीचे वण घेऊन जात होतं. नाराजी होणारच.

आणि रेनल्ड्स? 1782 मध्ये त्यानंच स्मिर्नात वाढलेल्या मिसेस बाल्डविनला पूर्वेकडच्या वेशात मांडी घालून बसवलं. फक्त स्वतः पगडी घातली नाही. तिसरा पर्याय, इतकंच.

दाढी उतरते

1755 मध्ये लिओतार हॉलंडला गेला. पुढच्या वर्षी मारी फार्ग या अॅमस्टरडॅममधल्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि लग्नासाठी दाढी काढली. चोपन्नावं वर्ष चालू होतं.

नंतर धंदा बसला का? नाही. हा या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग. 1757-58 च्या सुमाराला तो जिनिव्हात स्थिरावला, आणि मादाम देपिने या फ्रेंच लेखिकेचं 1759 चं चित्र तिथलंच, बिनदाढीच्या काळातलं. 1762 मध्ये मारिया थेरेसानं पुन्हा बोलावलं आणि तिच्या अकरा मुलांची रेखाटनं त्यानं केली. अगदी पातळ कागद, काळा आणि लाल खडू, आणि गालाचा रंग कागदाच्या पाठीमागून भरलेला, म्हणजे तो समोरून आतून आल्यासारखा दिसतो. त्यांतली सहा-सात वर्षांची मुलगी पुढे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत झाली. या कामासाठी महाराणीला तुर्की झगा लागला नाही, तिला जुना ओळखीचा हात हवा होता. 1774 मध्ये लंडनला त्यानं आपली 'न्याहारी करणारी डच मुलगी' विकायला काढली तेव्हा ती घेतली बेसबरोच्या अर्लनं, म्हणजे 1738 च्या जहाजावरच्या त्या पॉन्सनबीनं.

काय पदरात पडलं

पैसा आणि ओळख, दोन्ही. वेशानं दार उघडलं, कामानं माणसं टिकली. उणे बाजूला दोन गोष्टी.

एक, नाव. तुर्की चित्रकार म्हणून जो ठसला तो पुढे किस्स्यांत राहिला. त्याच्या साध्या चित्रांकडे, म्हणजे जिनिव्हाचा डोंगर, बशीतली फळं, पाण्याचा ग्लास, यांकडे गंभीरपणे बघायला लोकांना फार वेळ लागला.

दोन, चित्रातल्या माणसांची नावं. पोशाख इतका डोळ्यात भरतो की चेहरा पुसला जातो. उफिझीतच 1753 चं एक छोटं तैलचित्र आहे. तुर्की वेशातली बाई कोचावर टेकून वाचतेय. ती फ्रान्सच्या राजाची मुलगी मारी-आदेलाईद, असं नाव त्याला चिकटलं. अभ्यासकांचा त्यावर विश्वास राहिलेला नाही. राजकन्येचं नाव लागलं की चित्राचा भाव वाढतो, आणि झगा घातलेली बाई कोणीही असू शकते. एखाद्या गिऱ्हाइकानं हौसेनं पैसे मोजून स्वतःचं चित्र काढून घ्यावं आणि त्यात फक्त कफ्तान ओळखू यावा, ही त्या फॅशनची खरी किंमत.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिएन्नातला निर्णय मी बदलला नसता. अनोळखी शहर, बिनशिक्क्याचा चित्रकार. तिथे दाढीनं जे काम केलं ते शिफारसपत्रानं झालं नसतं.

पॅरिसला परतताना मात्र थांबून विचार करायला हवा होता. तोवर नाव झालं होतं, 'चॉकलेटवाली' विकली गेली होती. तेव्हाच साध्या कपड्यात आला असता, तर अकादमीनं घेतलं असतं असं नाही, पण ला तूरशी तुलना खडूवरून झाली असती. 1762 सांगतंय की गिऱ्हाईक तुटलं नसतं. अर्थात हे आपण आज म्हणतो. दहा वर्षं जागच्या जागी काढलेल्या माणसाला चालतं दुकान बंद करून बघ म्हणणं सोपं आहे.

आणि तो सोडलेला दुसरा पर्याय. पेरा, स्मिर्ना, किऑस हे ग्रीक बेट इथली रेखाटनं एकत्र छापली गेली असती, खाली कोण, कुठलं, कुठल्या धर्माचं, काय घातलंय हे लिहून, तर युरोपातल्या पुढच्या पिढीला व्हॅनमूरच्या संचाशेजारी ठेवायला अधिक अचूक नमुना मिळाला असता. मिसेस अमुक आणि मादाम तमुक यांना गुलाबी शलवारीत बसवणाऱ्या चित्रकारांना निदान पट्ट्याचा आकडा तरी नीट काढता आला असता. भाऊ कोरणारा होता, वाचक तयार होता. पण अल्बम एकदाच विकता येतो, दाढी रोज. त्यानं रोजचा धंदा निवडला.

एक शेवटची नोंद. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये त्याच्या बायकोचं, मारी फार्गचं, पेस्टलचित्र आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांतलं. दाढी गेली होती, झगे ट्रंकेत होतेच. चित्रात मारी तुर्की पोशाखात बसली आहे.